तांब्याची बॅटरी

जामसंडे,
१८ ऑगस्ट २०२५

चि. निकेत,

अनेक आशीर्वाद. पावसाची उघडझाप चालू आहे, घर यंदा गळत नाही, आणि तू पाठवलेल्या तिन्ही बॅटऱ्या, तुझ्या भाषेत टॉर्च, सुखरूप आहेत. बाबांनी रोज खिशात बाळगून बघाव्यात, एक ठेवून दोन परत कराव्यात, असं म्हणाला होतास. शेजारचा लवू तुझ्याकडे पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन पाठवतेय. पत्र बॅटऱ्यांच्याच डब्यात घातलंय, कारण फोनवर बोलायचं तर बाबा शेजारी कान टवकारून बसलेले असतात.

टायटेनियमची चांगलीच आहे हो. हलकी, खिसा ओढत नाही, खाऱ्या हवेत तिचं काही बिघडत नाही. पितळेची दिसायला समईसारखी, मला आवडली, पण जड.

तांब्याची मात्र चहाडखोर. चतुर्थीसाठी देवाची भांडी आमसुलाने घासायला काढली, त्यांत मी तीही घासली. संध्याकाळी तिच्यावर बाबांच्या बोटांचे तपकिरी ठसे. ते ठीक. पण दोन दिवसांनी बघते तर चरांमध्ये हिरवं! विहिरीच्या पाण्याने तांबं काळवंडतं, असं हिरवं होत नाही. तो खाऱ्या पाण्याचा रंग. तुझ्या आजोबांच्या होडीतल्या तांब्याच्या खिळ्यांवर मी तो लग्न होऊन आल्यापासून बघत आलेय.

हॉस्पिटलातून सोडताना तुझ्यासमोरच डॉक्टरांनी बजावलं होतं ना, सकाळी चाला, पण होडीवर जायचं नाही? बाबा अंधारातच बॅटरी घेऊन चालायला निघायचे आणि मी शेजारच्या शेवंतीला कौतुकाने सांगायची. हे चालत चालत खाडीवर, तिथून त्यांच्या जुन्या जोडीदाराच्या, हरिश्चंद्राच्या होडीत, जाळं ओढायला!

मी बोलले नाही. बॅटरी रोज घासायची आणि रोज बघायची. भांडायला मला वेळ लागत नाही, तुला माहीत आहे. पण हॉस्पिटलातून आल्यापासून ते पहिल्यांदाच पोटभर जेवत होते.

आता खरं सांगते. गेल्या मंगळवारी होडीत त्यांची शुद्ध हरपली. हरिश्चंद्राने उचलून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं. तुला कळवू नको म्हणून बाबांनी शपथ घातली, ती मी मोडतेय.

काल तिन्ही बॅटऱ्या त्यांच्यापुढे मांडल्या. म्हटलं, "एक घेवा. टायटेनियमची घेतलात तर तुमी खंय गेल्लात तां माका कळाचा नाय."

त्यांनी तांब्याची उचलली. "तू ती रोज कित्याक घासतंस तां माका ठावक होता गो. माका हीच होयी. होडयेर जावचा सोडीन, असा खोटा सांगूचंय नाय. पण तुका चोरून आता जावचंय नाय."

म्हणजे जाणारच, फक्त आता सांगून! राग आला आणि रडूही आलं. अडवू की जाऊ देऊ? अडवलं तर झुरतील, जाऊ दिलं तर कधीतरी हरिश्चंद्र एकटाच परत येईल. एकटीने ठरवायची माझी हिंमत नाही रे. या वेळी चतुर्थीच्या चार दिवस आधी ये.

आज पुन्हा चालायला गेलेत. बॅटरी मीच लख्ख घासून हातात दिली. उजाडून गेलंय, अजून आले नाहीत. आले की आधी माणूस बघेन, मग बॅटरी.

दाराकडे डोळे लावून बसलेली
तुझी आई