तळ्याकाठचा रविवार

कॉन्कर्ड, मॅसॅच्युसेट्स
ऑक्टोबर १८४५

लाडक्या अ‍ॅग्नेसला ताईचे खूप आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत, सफरचंदं उतरवून झाली. तुझा खोकला कसा आहे?

कॅलेब हल्ली रविवारी माझ्याबरोबर चर्चला येत नाहीत, तळ्याकाठी एकटेच बसतात. म्हणतात, "देव थेट भेटतो, मध्ये पाद्री कशाला? तो झाडापाण्यात आहे, प्रत्येक माणसात आहे."

"माझ्यातही?"

"असणारच की."

"मग चुलीपाशी बसा. एवढं रान कशाला तुडवता?"

हसले, पण बूट चढवलेच. एखाद्या बाईचा वाटला नसता, इतका त्या तळ्याचा हेवा वाटतो गं.

येत्या रविवारी मीही जाणार आहे, सवत बघायला. चर्चमधलं आमचं बाक रिकामंच राहील. आपल्या माहेरच्या म्हाताऱ्या पाद्रींना मात्र सांगू नकोस.

तुझीच,
मार्था