शेजारी विकणे आहे

४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझा धाकटा भाऊ दुकानदार होण्याच्या बेतात आहे. रस्त्याकडेच्या आपल्या तुकड्यावर शेड टाकायची आणि नांगर, पेरणीयंत्रं, फवारणीपंप, जुने-नवे ट्रॅक्टर विकायला मांडायचे. कंपनीचा माणूस जागा बघून गेला, एकदम खूश. फक्त म्हणाला, जमीन शेतीची आहे, तिथे दुकान लावायची परवानगी पेरणीच्या हंगामाआधी हातात पाहिजे. नाहीतर एजन्सी दुसऱ्याला.

तसं झालं तर मला पुन्हा बंदरावर क्रेन दुरुस्त करायला जावं लागेल. मागच्या खेपेला घरी आलो तेव्हा छकुलीने मला काका म्हणून हाक मारली होती, तुझ्यासमोरच. पोटच्या पोरीचा काका व्हायची माझी पुन्हा तयारी नाही.

कचेरीतल्या साहेबबाई भल्या आहेत. त्यांच्या मते सुनावणीत एकच अडचण येऊ शकते, ती म्हणजे लगतचा शेजारी. म्हणजे आपले हरकतकाका. त्यांनी बसथांब्याला हरकत घेतली, रस्त्यावरच्या दिव्याला घेतली, टपालपेटीच्या रंगालासुद्धा घेतली. त्यात मी मळणीयंत्र चालवून बघितलं त्या दिवशी सगळा भुसा त्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर उडाला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

भाऊजींना न. बाकी ठी. लो. अ.

तु. धा.

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा शेवट लावायला आम्हा दोघांना अख्खा चहा लागला. 'लो. अ.' म्हणजे लोखंड अवजड, असं ह्यांचं मत पडलं. मी म्हटलं, तो लोभ असावा म्हणतोय, पण पूर्ण लिहायचा त्याला कंटाळा. शाळेच्या चिठ्ठीत तू 'आई आजारी आहे'च्या जागी 'आई आ. आहे' लिहिलं होतंस आणि गुरुजींनी ते 'आई आडमुठी आहे' असं वाचून आईलाच बोलावून घेतलं होतं, आठवतं का? इतकं होऊनही तुझी शब्द खायची खोड जात नाही.

आता ऐक. काका आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते. शब्दांत जगलेला माणूस आहे. सरळ त्यांच्याकडे जा, भुशाबद्दल माफी माग आणि दुकानाचं नीट सांग. तू लांब गेलास की माझं अन्न गोड लागत नाही, हे तुला कधी बोलले नव्हते, म्हणून आज लिहून टाकते. भावजयीला सांग, मी पाठीशी आहे.

माया आहेच, अक्षर तेवढं सुधार.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, घोळ झाला. तू बसून वाच.

कचेरीचा नियम असा की जागेवर मोठी पाटी लावायची, म्हणजे कोणाची हरकत असली तर कळते. मी पाटीवाल्याला मजकुराची चिठ्ठी दिली आणि शेडचे पत्रे बघायला परगावी गेलो. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'न. व जु. शे. औजारे'. 'शे.' म्हणजे शेती, हे कोणालाही कळेल. पण माझ्या अक्षरामुळे पाटीवाल्याला ते 'शेजारे' दिसलं. असा शब्द नाही, हे त्या सद्गृहस्थाला माहीत होतं, म्हणून त्याने तो आपल्या मनाने शुद्ध केला. परत आलो तर हातभर अक्षरांत पाटी उभी: 'या जागेत नवे व जुने शेजारी विक्री, भाड्याने देणे व दुरूस्ती यासाठी परवानगी मागितली आहे. हरकत असल्यास कळवावे.'

अख्खा रस्ता थांबून वाचतोय. बेकरीवाला विचारून गेला की जुना देऊन नवा मिळेल का. शिवणकामवाल्या मावशींना महिन्याभरासाठी भाड्याने हवाय, पण न घोरणारा. तुझी भावजय हसून हसून उंबऱ्यावर बसली ती उठेचना. छकुली तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की माझे बाबा शेजारी विकतात.

आणि ही पाटी नेमकी काकांच्या व्हरांड्यासमोर. उपटायला धावलो, तर साहेबबाईंनी निरोप धाडला की सुनावणीपर्यंत तिला हात लावायचा नाही. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. पाटीवर कोणीतरी लाल खडूने 'दुरूस्ती'तला दीर्घ ऊकार खोडून ऱ्हस्व केला होता. बाकी कुठे खूण नाही. लाल खडू वापरणारा माणूस आपल्या गल्लीत एकच आहे. म्हणजे त्यांनी ती नीट वाचली आहे. आता कुठल्या तोंडाने त्यांच्याकडे जाऊ?

लोभ असावा (पूर्ण लिहिलं).

तुझा,
धाकटा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे हसताना खुर्चीसकट मागे गेले, लागलं काही नाही. आता ह्यांना त्यांचा मोठा भाऊ दुरुस्तीला पाठवायचाय, शेजारी नसला तरी चालेल का म्हणून विचारतात.

हसून झाल्यावर मात्र मी पत्र पुन्हा वाचलं. एक कळत नाही. ज्याला एवढासा ऊकार सलला, त्याला ती ढळढळीत चूक दिसली नाही? मुद्दाम ठेवली असेल तर सुनावणीत तुझी खैर नाही. तिथे तोंड बंद ठेव आणि नम्र राहा. छकुलीला बरोबर ने, म्हाताऱ्या माणसांचं मन तिच्यापुढे टिकत नाही.

जीव टांगणीला लागलाय, लगेच कळव.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मिळाली. ताई, परवानगी मिळाली. हे वाक्य मी सकाळपासून भिंतींनाही ऐकवतोय.

सुनावणीत साहेबबाईंनी पाटीचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला आणि 'भाड्याने देणे'पाशी त्यांना पाणी मागवावं लागलं. अर्जात सगळं बरोबर असल्याने पाटी चुकली तरी बिघडत नाही, असं त्या कशाबशा म्हणाल्या. मग लगतच्या शेजाऱ्याला उभं केलं. काका इस्त्रीच्या सदऱ्यात आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की हरकत एकच, दुपारच्या झोपेच्या वेळी इंजिनं चालू करायची नाहीत. बाईंनी विचारलं, इथे तुम्हालाच विकायला काढलंय, त्याचं काय? काका म्हणाले, ते मी वाचलं आहे आणि त्यात मला काही गैर आढळलं नाही.

बाहेर आल्यावर मी भुशाची माफी मागितली आणि ती चूक का सोडली म्हणून विचारलं. ते म्हणाले, तुझ्या बहिणीला लिहीन, ती शब्द पूर्ण वाचते. छकुली त्यांचं बोट धरून घरापर्यंत गेली. वाटेत मला तिने बाबा म्हणून इतक्यांदा हाक मारली की मी मोजायचं सोडून दिलं.

आनंदात आहे, तसाच राहू दे म्हणून आशीर्वाद दे.

तुझा,
धाकटा दुकानदार

६ मार्च

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या बंधूंचं दुकान सुरू झालं. दुपारी शांतता असते. पाटीवरची ती चूक मी का ठेवली, असं त्यांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्हाला देतो.

माझी पत्नी गेल्यापासून या गल्लीत मला सगळे हरकतकाका म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि चूक माझीही आहे. हरकत घेतली की निदान कोणीतरी बोलायला येत असे. त्या दिवशी व्हरांड्यातून पाटी वाचली आणि एकटाच मोठ्याने हसलो. मग खडू घेऊन गेलो. ऊकार चुकला होता, तो सुधारला. पुढे 'शेजारी' या शब्दापाशी हात थांबला. किती वर्षांनी कोणी मला तसं लिहिलं होतं. मला तो खोडता येईना.

नवी पाटी लागल्यावर जुनी मी मागून घेतली आणि माझ्या दारावर लावली आहे. 'विक्री' तेवढं कापलं. 'भाड्याने देणे व दुरुस्ती' ठेवलं आहे. छकुली रोज संध्याकाळी येऊन मला भाड्याने घेऊन जाते आणि जेवायच्या वेळी परत आणून सोडते. दुरुस्तीही हळूहळू होते आहे.

तुम्ही याल तेव्हा इकडेही यावं. लोभ असावा, माझी हरकत नाही.

आपला,
शेजारी (जुना)