कासेची मापं

१४ नोव्हेंबर

ताई,

तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे हिचा खोकला गेला. धाकटीचं गणित मात्र आहे तिथेच आहे. तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तराचे दोन कागद मी फाडले, कारण दोन्हींत मी स्वतःला जरा बरा माणूस करून ठेवला होता.

तू विचारलंस, कालवड ठेवू की विकू. पण त्याआधी तू जे सहज म्हणून लिहिलंस, तेच मला जास्त लागलं. धार काढायला भावोजींनी गडी ठेवला, आणि त्याच्या हाताखालीही आपल्या धाकट्या गाईचा एक सड सुजून गेला. तरी भावोजी म्हणाले, "ही गोठ्यात पाऊल ठेवते ना, मग दुसरं काय होणार?" आणि खाली तू लिहिलंस, "असेलही. माझ्याच हाताला गुण नाही."

ताई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्या गोठ्यात टेप घेऊन वाकलो तेव्हा तू हसली होतीस. "शिंप्यासारखी मापं काय घेतोस? झंपर शिवणारेस का तिला?" माझी नोकरी तीच. सड केवढा लांब, केवढा जाड, त्याचं टोक जमिनीपासून किती वर. तुझ्या जुन्या गाईला कोणत्या जातीच्या वळूच्या रेताची कांडी भरायची, हे तू मला विचारलंस. जर्सीच्या लेकींची कास आटोपशीर, होल्स्टीनच्या लेकींना दूध जास्त. मी होल्स्टीन सांगितलं. माझ्या तक्त्यात दोन्हींच्या कासेत फारसा फरक नव्हता. नव्हता, कारण मी फक्त पहिल्या वेताच्या गाई मोजल्या होत्या, त्याही धार काढून झाल्यावर, कास रिकामी असताना. भरल्या कासेची गाय लाथ मारते, म्हणून सगळे तसंच मोजत होते. मीही तसंच मोजलं.

त्या कांडीच्या तुझ्या तीन गाईंपैकी थोरलीचा सड पहिल्या वेतात जमिनीपासून चोपन्न सेंटीमीटरवर होता. तिसऱ्या वेतात भरल्या कासेने तेहेतीस. सडही जाड झालेले. उठताना तिचाच खूर त्यावर पडायचा, बसली की चिखलात लोळायचे. कास सुजवणारी दगडी तिथून आली. थोरली तिनेच गेली, मधली तिच्याच तापाने मेली. त्या तिघी एकाच बापाच्या. इथल्या आमच्या केंद्राच्या कळपातही होल्स्टीनच्या लेकींचं तिसऱ्या वेतात हेच दिसलं. जर्सीच्या लेकींची कास बरीच वर राहिली.

हे मला कधी कळलं, ते लिहायचं टाळत इथवर आलो. दोन वर्षांपूर्वी. शिफारशीच्या पत्रकावर माझं नाव होतं, म्हणून "अजून थोड्या गाई मोजू" असं म्हणत मी तिसऱ्या वेताच्या मापांचा रकाना अहवालात घातलाच नाही.

आणि उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो होतो. मधली जाऊन आठवडा झाला होता. भावोजी माझ्यासमोर तुला म्हणाले, "हात आहे की कुऱ्हाड? लावला की सड गेलाच!" आणि माझ्याकडे वळून, "काय हो, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा." तू माझ्याकडे बघत होतीस. मी चहा संपवला आणि म्हणालो, "ताई, हात नीट धुवत जा." पिशवीतून पाण्यात टाकायची जांभळ्या परमँगनेटची पुडी काढून दिली. हात धुवावेतच, ते काही खोटं नव्हतं. खऱ्या वाक्याच्या आड मी लपलो, एवढंच. निघताना तू दारात हात हलवलास तेव्हा तुझी नखं तपकिरी दिसली. बोटांना भेगा. मी दिलेल्या पुडीच्या आधीपासूनच तू ते पाणी वापरत होतीस.

आता कालवडीचं. ती त्याच बापाची. पुढे तिला जर्सी भरलीस तर तिच्या लेकीची कास बरी होण्याची शक्यता आहे; तिची स्वतःची बदलणार नाही. ठेवलीस तर गोठ्यात कोरडं अंथर, आणि तिसऱ्या वेतानंतर हेच होऊ शकतं हे धरून चाल. यापेक्षा चांगलं काही मला सांगता येत नाही. विकलीस तर घेणाऱ्याला हे सांग. मी तुला सांगितलं नव्हतं.

भावोजींना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, मापांसकट, आणि उन्हाळ्यातल्या त्या चहासकट. ते काल टपालात टाकलं, तुझ्या पत्राच्या आधी, म्हणजे मला माघार राहणार नाही. गाळलेला रकाना सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि दार लावून घ्यायला सांगितलं. पुढचं पुढे.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मी सुटेन.

ते जांभळं पाणी ओतून दे. हातांना तेल लाव.

पुडी देणारा,
तुझा भाऊ