कारखान्याच्या आवाजाचं चित्र

३ मार्च
आजपासून मी कलाकार. पक्कं. प्रेस मशीनवर पत्रे चेपतो ते फक्त पोटासाठी. कँटीनच्या भिंतीवर एक चित्र लागलंय. कागदाचे कपटे, तारा, बटणं चिकटवून गाणं दाखवलंय. त्याला कोलाज म्हणतात. मी अख्ख्या कारखान्याचा आवाज चिकटवणार. पुठ्ठा मिळवला.

६ मार्च
प्रेसचा दणका: चेपलेला पत्रा. पट्ट्याची घरघर: सँडपेपर. ठेक्याला पिवळे गोळे. कंपनी रोज कानात घालायला देते ते फोमचे. रंग एक नंबर! कानात घातले तर दिसणार कुणाला? माझ्या खोलीत राहणारा वेल्डर म्हणाला, अरे शहाण्या, ते कानाला आहेत, पुठ्ठ्याला नाहीत. याला कला कशाशी खातात ते माहीत नाही.

१९ मार्च
आईचा फोन. लाइन खराब. म्हणाली, ओरडतोस का रे, माझं काही चुकलं का? नवीन सिम घ्यायचं.

२१ मार्च
नवीन सिम. लाइन आणखी खराब. सगळ्या कंपन्या चोर.

३० मार्च
चित्रात पाखरं हवीत. पहाटेच खिडकीत बसलो. तारेवर ओळीनं बसलेली. चोच उघडतात, मिटतात, आवाज शून्य. इकडची पाखरं मुकी असावीत. वेल्डर उशीत डोकं खुपसून म्हणाला, खिडकी लाव बाबा, किती कलकलाट!
गंमत करतो.
गंमतच करत असणार.

२ एप्रिल
नोटीस लागली. सगळ्यांचे कान तपासणार. नापास झाला त्याला घरी पाठवणार. मला काय त्याचं? फक्त जेवण गेलं नाही. धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्यावर आहे, म्हणून जरा. हात गार पडलेत. थंडी असेल.

५ एप्रिल
वेल्डरनं सगळं समजावलं. हेडफोन लावतात, बारीक शिट्टी वाजली की बटण दाबायचं. मग सोपंय. ऐकायची गरजच काय? ताल धरून दाबायचं. ताल तर माझ्या रक्तात आहे.  जेवणात वेल्डरनं माझ्या ताटात स्वतःचं अंडं ठेवलं. कशाला ठेवलं? मेलोय का मी?

८ एप्रिल
तपासणी. काचेची खोली.  नर्सबाईंनी हेडफोन चढवले आणि बाहेर गेल्या. मी दाबायला लागलो. एकदम सुरेख. घाई नाही. मध्येच एक-दोन मुद्दाम सोडले, खरं वाटावं म्हणून. बाई काचेतून बघत राहिल्या. म्हटलं, खूश झाल्या.
मग आत आल्या. हेडफोन काढले. पाठीवर हात ठेवला, अगदी कानाशी वाकल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, दादा, थांबा जरा, मी अजून मशीन सुरूच केलं नाहीये.
हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.