झाकण कोण उघडणार

ती. बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

सिनेमातला तो प्रसंग बदलला. आज सकाळी दिग्दर्शकांच्या मदतनीस बाईंनी स्वतः कार्यशाळेत येऊन सांगितलं. माझी नोकरीही शाबूत आहे, तेव्हा आईला म्हणावं, काळजी नको. तिचा गुडघा कसा आहे?

गोष्ट अशी, की एका बेटावरच्या लोकांनी तेलाऐवजी समुद्राच्या पाण्यावर चालणारं यंत्र बनवलंय आणि जहाजं घेऊन आलेल्यांना ते बळकावायचंय. ते यंत्र मी लाकडा-पत्र्याचं घडवतेय. पण कथेत बाहेरून उडत आलेला महावीर झाकण उघडतो आणि ते कसं चालतं हे बेटवाल्यांनाच समजावतो!

मला राहवलं नाही. म्हटलं, "ज्यांनी बनवलं, त्यांनाच हा शिकवणार?"

"अगं, हिरो तो आहे ना!" दिग्दर्शक म्हणाले.

"मग उडू द्या की त्याला. झाकण मात्र बेटावरच्या माणसाला उघडू द्या."

आणि तुमच्या कारखान्यातली हकिगत सांगितली. परदेशी साहेब यंत्र उघडण्याआधी तुम्हा सगळ्यांना बाहेर काढायचे, मग तुम्ही नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायला शिकलात. दिग्दर्शक कागद उचलून निघून गेले. दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

आता यंत्र उघडेल ती बेटावरची म्हातारी. तिचं काम करणाऱ्या बाई बुधवारी दुपारी तुम्हाला फोन करतील, त्यांना मराठी येत नाही, म्हणून मी मध्ये दुभाषी असेन. यंत्राला कान कसा लावायचा, ते त्यांना तुमच्याकडून शिकायचंय.

तुमची,
धाकटी