शस्त्रक्रियागृह क्र. २ मधील न विझणाऱ्या दिव्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
रुग्णालय मुख्य कार्यालय.

विषय : दारावरील दिव्यास बटण बसविण्याची परवानगी मिळणेबाबत (तिसरा अर्ज).
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. ९ चे पत्र.

महोदय,

१. मी या रुग्णालयात एकोणीस वर्षे वायरमन आहे. माझ्या पत्नीच्या पोटातील कर्करोगाची शस्त्रक्रिया मागील वर्षी येथेच झाली. आधी शिरेतून एक रंग टोचतात. तो गाठीत जाऊन बसतो व खास कॅमेऱ्यात तेवढाच भाग चमकतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कणही मग काढता येतात. आत नेताना पत्नी मला म्हणाली, "लग्नात नाही चमकले, आता बघा."

२. चमक दिसण्यासाठी खोलीतले दिवे घालवावे लागतात. सगळे घालवले, दारावरचा राहिला. तो जुना हॅलोजन बॅटरीवर आहे, त्यास बटण नाही. सिस्टरांनी त्यावर टॉवेल धरला, तो करपू लागला. कॅमेऱ्याच्या पडद्याची एक बाजू पांढरी पडली. त्या बाजूचे कण डॉक्टरांनी हाताने चाचपून काढले. सात महिन्यांनी गाठ त्याच बाजूला आली. पत्नी वारल्यावर डॉक्टरांनीच मला हे सांगितले. दिव्यामुळेच ती गेली असे मी म्हणत नाही. मी विचारले, तर ते म्हणाले, "नाही सांगता येणार, मामा."

३. तो दिवा मीच जोडला. वीज गेली तरी कधीही विझू नये असा लेखी आदेश होता, म्हणून बटण ठेवले नाही. काम चोख असल्याचा शेरा मिळाला.

४. तक्रारीच्या छापील नमुन्यात 'दिवा लागत नाही' एवढाच रकाना आहे. पहिला अर्ज हेडक्लार्कनी परत केला. "अहो, लागतोय ना? मग तक्रार कसली?" दुसऱ्यांदा मी तोच रकाना भरला. पाहणी झाली, दिवा लागत होता, अर्ज परत आला. खोट्या तक्रारीबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला आहे. हाच तो खुलासा समजावा.

५. कॅमेरा बाहेरून येतो, वर्षातून एकदोनदाच. येत्या बुधवारी त्याच खोलीत पुन्हा रंग टोचून शस्त्रक्रिया आहे. त्या बाईंचे यजमान कालपासून जिन्याखालच्या बाकावर आहेत. मी शिडी घेऊन गेलो की ते पाय वर घेतात. त्यांना काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

बटण माझ्या पिशवीत आहे. अर्धा तास पुरे. बुधवारपर्यंत परवानगी होणार नसेल, तर शस्त्रक्रिया चालू असेतो मला बाहेर त्या बॅटरीच्या फ्यूजच्या पेटीपाशी उभे राहू द्यावे. आतून हाक आली की फ्यूज काढीन, दुसरी हाक आली की बसवीन. मधल्या वेळात जागचा हलणार नाही.

आपला नम्र,
(सही)
वायरमन, विद्युत कक्ष
दि. १४, सोमवार

सोबत : १) परत आलेले दोन अर्ज. २) दिवा न विझण्याबाबतचा मूळ आदेश. ३) करपलेला टॉवेल, एक.