डोहावरची शिट्टी

प्रिय दादा,

मुलांना पोहायला शिकवायला सुट्टीत येतोयस म्हणालास, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. फोनवर मी नुसतं "ये ना" म्हटलं. खरं सांगायचं राहिलं. नदी आटलीय रे. उरलाय फक्त आपला डोह, आणि सगळे मासे त्यातच जीव मुठीत धरून आहेत. कुणी उतरलं की गाळ ढवळतो आणि मासे गुदमरून वर येतात. म्हणून आम्ही काठावरच्या लोकांनी पोहणं बंद केलंय, पाळीपाळीने पहारा देतो. ठराव मीच मांडला होता.

परवा माझ्या पाळीला भर दुपारी डोहात कुणीतरी गळ्याएवढ्या पाण्यात उभं दिसलं. मी जोरात शिट्टी फुंकली. माणूस वळला, तर आपले बाबा! अख्ख्या आळीला पोहायला शिकवलेला माणूस चोरासारखा बाहेर आला. आपलेच दात, आपलेच ओठ.

आज सकाळी त्यांनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. म्हणाले, "पोरं आली की धावत पाण्यातच शिरतील. तेव्हा मी वाजवीन. तू वाजवलीस तर आत्यावर रुसतील ती. आजोबावर कोण किती वेळ रुसणार?"

हे कळलं तर तू येणंच रद्द करशील, मला ठाऊक आहे. आणि बाबा सकाळपासून शिट्टी घेऊन काठावर बसलेत, नातवंडांची वाट बघत.

म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी धाकटी,
सध्या काठावरच